एक वाळा जड

मध्यंतरी पिंपळीहून एक तरुण बाई पत्ता विचारत सणसरला माझ्या घरी आली. पिंपळी माझं माहेर, त्यामुळे आमच्या वैशूची हकिकत तिच्या कानावर गेली होती. तिच्या मुलालाही डॉक्टरांनी खुब्याचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि नंतर कमरेच्या वरपर्यंत प्लास्टर. "ताई, ते दिवस तुम्ही कसे काढले?" असं तिनं विचारलं. मी चहा केला, दोन-चार कामाच्या गोष्टी सांगितल्या, ती गेली. मग संध्याकाळभर माझं मलाच वाटत राहिलं की एवढ्या लांबून आलेल्या बाईला आपण नुसता चहा पाजून परत पाठवलं.

म्हणून हे लिहिते आहे. दवाखान्यातलं मला काही कळत नाही, तेव्हा ते डॉक्टरांनाच विचारावं. घरात काय होतं आणि मनात काय होतं, तेवढंच मी सांगू शकते.

चांदीचे वाळे

वैशाली आमची पहिली मुलगी. तिच्या पहिल्या वाढदिवसाला आत्यांनी तिला घुंगरांचे चांदीचे वाळे केले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांच्या तरुणपणी या घरात मेंढरं होती. लग्न झाल्यापासून पंधरा-वीस वर्षं त्या मेंढरांमागं गावोगाव हिंडल्या. मग सासऱ्यांनी मेंढरं विकली, ऊस लावला आणि पुढं काही वर्षांनी ते वारले. एवढं चालूनही आत्यांच्या पायात कधी चांदी पडली नव्हती, म्हणून नातीच्या वाळ्यांचं त्यांना फार अप्रूप होतं.

वैशू जरा उशिराच चालायला लागली. चालायला लागली आणि घरभर आवाज सुरू झाला. एक पाऊल छुम् वाजायचं, आणि त्याला लागूनच दुसरं घाईनं छुमछुम. छुम्, छुमछुम. मी चुलीपाशी असले तरी ती ओट्यावर आहे की गोठ्यात, हे मला आवाजावरून कळायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, "सुमन, तुझी लेक ठुमकत चालती गं." मला कौतुक वाटायचं.

आत्यांना मात्र तो आवाज खटकला. त्यांनी लगेच निदान केलं. "एक वाळा जड हाय. सोनारानं फशिवलं."

आम्ही बारामतीला सोनाराकडे गेलो. त्यानं दोन्ही वाळे तराजूत टाकून दाखवले, काटा मधोमध उभा राहिला. आत्या म्हणाल्या, तराजूच खोटा आहे. शेवटी त्यानं कंटाळून वाळे आटवून नवे घडवून दिले. घरी आणून घातले तर पुन्हा तेच, छुम्, छुमछुम. मग आत्यांनी उजव्या पायातला डाव्या पायात आणि डाव्यातला उजव्यात घालून बघितला. माझे मालक शिकलेले, मी दहावी झालेली, आणि आम्ही तिघं मोठी माणसं त्या पोरीच्या पायात वाकून चांदी बघत होतो. पाय कुणीच बघितला नाही. आज सांगताना हसू येतं, पण ते हसू काही बरं नाही.

खोकल्याचं औषध

वैशूला खोकला झाला म्हणून मी तिला बारामतीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, औषध लिहायला घेतलं. मी पिशवी उचलली आणि वैशू तुरुतुरु दाराकडे निघाली. डॉक्टर लिहायचे थांबले.

"हिला परत एकदा चालवा," ते म्हणाले.

मी चालवलं. मग त्यांनी तिला टेबलावर आडवं केलं, दोन्ही गुडघे दुमडून बाहेरच्या बाजूला पाडले. उजवा पाय टेबलाला टेकला, डावा अर्ध्यातच अडला. वैशू रडायला लागली. एक्स-रेचा फोटो काढायला पाठवलं, तिथल्या बाईंनी वाळे काढायला सांगितले. मी ते काढून पदराच्या टोकाला बांधले.

फोटो बघून डॉक्टरांनी मला आपली मूठ दुसऱ्या हाताच्या वाटीत बसवून दाखवली. उजवीकडे असं आहे, म्हणाले. मग मूठ वाटीच्या बाहेर, वरच्या अंगाला धरली. डावीकडे हे असं. जन्मापासूनच असणार. पोर चालायला लागण्याआधी कळलं असतं तर कदाचित नुसत्या पट्ट्यांवर भागलं असतं, आता ऑपरेशनच करावं लागेल. पुण्याहून हाडांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा बारामतीला येत, ते करतील.

एवढं सगळं ऐकून मी काय विचारावं? मी विचारलं, "मग वाळे घातले तर चालतील का?" डॉक्टरांना मी वेडी वाटले असणार. पण अशा वेळी माणूस आपल्याला झेपेल तेवढंच विचारतो, हे मला त्या दिवशी कळलं. मोठा प्रश्न घशाखाली ठेवून मी छोटा प्रश्न विचारला.

परतताना एस.टी.त मी सगळ्यांचे पाय बघत होते. उतरणाऱ्यांचे, चढणाऱ्यांचे, कंडक्टरचे. सगळी माणसं किती सहज चालत होती, याचा मला राग आला.

घरी येऊन सगळं सांगितलं. आत्या म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं कुणाचं न्हाय." म्हणजे ते पिंपळीहून आलं असणार. मीही काही कमी नाही. म्हटलं, आमच्याकडंही कुणाचं नाही. हातातली कळशी जरा जोरातच खाली ठेवली. त्यानंतर आत्या माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागल्या, आणि पुढं पुढं तेवढंही नाही.

दाराच्या अलीकडं

दिवाळी संपल्यावर ऑपरेशन ठरलं. मालक तेव्हा लोणी देवकरला एका कारखान्यात नुकतेच लागले होते. तिथंच चौघं मिळून खोलीवर राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचे. नवी नोकरी, रजा मागायची चोरी. ऑपरेशनच्या दिवशी ते आले, सह्या केल्या, आणि त्याच दिवशी दुपारच्या पाळीला हजर व्हायचं म्हणून लगेच गेले. जाताना वैशूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडले. मी मनातल्या मनात त्यांना खूप बोलले. पुढं कळलं की स्टँडवर त्यांची एक गाडी चुकली होती, कारण डोळ्यांपुढं पाटीच दिसेना.

आत्या आल्याच नाहीत. जनावरं कोण बघणार, असा निरोप दिला.

वैशूला मी स्वतः आतल्या दारापर्यंत उचलून नेलं. दारात सिस्टरनं हात पुढं केले. वैशू कुणाहीकडे हसून जाणारी पोर, ती तिच्याकडेही गेली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. दार लागलं आणि माझे हात मला जड झाले, ते कुठं ठेवावेत कळेना. सकाळी तिच्या पायातले वाळे काढून मी पुन्हा पदराला बांधले होते, ती गाठ सोडून ते हातात घेतले. ते वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरून बसले.

बाकावर माझ्या शेजारी माझे वडील होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. पिंपळीहून सायकलवर डबा घेऊन ते रोज यायचे आणि डबा देऊन तासन् तास बसायचे. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे डब्यात त्यांच्याच हातची जाडी भाकरी आणि पिठलं असायचं. त्या दिवशी त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "सुमे, चार घास खाऊन घे." मी नाही म्हटलं. त्यांनी डबा परत पिशवीत ठेवला, थोड्या वेळानं पुन्हा काढून माझ्यापुढं धरला. तिसऱ्यांदा मी खाल्लं.

वैशू बाहेर आली तेव्हा मी तिला ओळखलं ते केसांवरून. छातीपासून खाली सगळं पांढरं, ओलं प्लास्टर. डावा पाय घोट्यापर्यंत, उजवा गुडघ्यापर्यंत, दोन्ही फाकवून बेडकासारखे. मध्ये लघवी-शीसाठी भोक. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोळा वाटीत बसवलाय, आता तो तिथं धरायला हवा. महाशिवरात्रीच्या सुमाराला प्लास्टर बदलू, तोपर्यंत ते निघता कामा नये, हलता कामा नये, भिजता कामा नये. सांधा सुटला तर पुन्हा कापावं लागेल आणि दुसऱ्या वेळी तो एवढा चांगला बसेलच असं नाही. शेवटचं वाक्य त्यांनी हळू सांगितलं. मला मात्र पुढचे कित्येक दिवस तेवढंच ऐकू येत होतं.

कोण आलंय?

पिंपळीच्या त्या बाईला सांगितलेल्या कामाच्या गोष्टी इथंही लिहिते. प्लास्टरच्या भोकाच्या कडेनं दुधाच्या पिशव्या कापून खोचाव्यात, म्हणजे ते भिजत नाही. जुन्या धोतराच्या घड्या कराव्यात, त्या पाणी पितात. पोराला दिवसातून चार-पाच वेळा पालथं करावं, पोटाखाली उशी द्यावी. आत खाज सुटली की पोर रडतं. बाहेरून प्लास्टरवर बोटांनी टकटक वाजवावं, त्यानं खाज जात नाही, पण पोराचं लक्ष जातं. आत विणायची सुई, काडी काहीही घालू नये. वास येतो. त्याची सवय होते असं लोक म्हणतात, मला काही झाली नाही.

माणसांचं सांगते. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात गावातलं झाडून सगळं येऊन गेलं. बिस्किटांचे पुडे आले, शहाळी आली. प्रत्येक जण दारातून आत येताना मोठ्यानं बोलायचा आणि खाटेजवळ आला की गप्प व्हायचा. "बघवत न्हाय गं," म्हणायचे. मग बघायचं टाळून छताकडे बघायचे. आठवड्यानंतर येणं थांबलं. उसाचा हंगाम सुरू होता, ज्याला त्याला कामं होती, हे खरंच. दोन घरांत पोटुशा सुना होत्या, त्यांच्या सासवांनी त्यांना आमच्या ओट्याकडे फिरकू दिलं नाही, हेही खरं. मला त्यांचा राग यायचा. त्यांच्या जागी मी असते तर माझ्या आत्यांनीही मला घरात बसवलंच असतं, हेही मला माहीत होतं.

वैशूला सोडून मला कुठं जाता येत नव्हतं. लग्न नाही, बारसं नाही, साधं विहिरीवर धुणं धुवायलाही नाही. रविवारी सकाळी शेजारच्या घरात टीव्ही लागायचा, निम्मी आळी तिथं जमायची. भिंतीपलीकडून गाणं यायचं, हसणं यायचं. मी वैशूला म्हणायचे, बघ, आता त्यांचं सुरू झालं. ती भिंतीकडे बघत राहायची.

आत्या पहाटे गोठ्यात जायच्या, मग रानात, संध्याकाळी परत. ताट वाढलं की खायच्या. वैशूला लांबून बघायच्या, जवळ येत नसत. मी त्यांच्या मनात काय आहे ते शोधायचंही सोडून दिलं.

सगळ्यात जास्त काय खायला उठायचं सांगू? घरातला आवाज गेला होता. छुम्, छुमछुम नव्हतं. वाळे फळीवर डब्यात होते. दारात जरा काही वाजलं, वाऱ्यानं कडी हलली, कोंबडी ओट्यावर चढली, की मी आतून हाक द्यायचे, "कोण आलंय?" कुणीच आलेलं नसायचं. तरी पुढच्या वेळी मी पुन्हा विचारायचेच. वैशू नवे शब्द शिकत होती, तीही माझं बघून दाराकडे तोंड करून विचारायला लागली, "को आलं?"

एकदा मालक सुट्टीवर आले ते काखेत एक फळी घेऊन. तिच्याखाली जुन्या बेअरिंगची चार चाकं बसवलेली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बनवली, एवढंच म्हणाले. वैशूला त्यावर पालथं घातलं. तिनं हातानं जमीन ढकलली आणि फळी खडखडत ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथून तिनं वळून आमच्याकडे बघितलं. मालकांना मी मनात दिलेल्या सगळ्या शिव्या त्या दिवशी परत घेतल्या.

बोरन्हाण

संक्रांत आली. आमच्या घराण्यात बोरन्हाणाची पद्धत नव्हती. मेंढरांमागं हिंडणाऱ्यांना कुठलं आलंय बोरन्हाण? शेजारच्या घरी मात्र दर वर्षी असायचं. लेकराला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, रेवड्या ओतायच्या आणि भोवतीच्या पोरांनी त्या वेचून खायच्या. आत्या हे नेहमी कुंपणाबाहेरून बघायच्या.

त्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्या चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. कितीतरी आठवड्यांनी आपणहून बोलल्या. "वैशूचं बोरन्हाण करू. समद्यास्नी बोलवून आलीया मी."

मी लगेच हो म्हटलं. नाही कशाला म्हणेन? घरात माणसं येणार होती.

आणि आली. बायका आल्या, पोरं आली, ओटा भरला. वैशूला काळं झबलं घातलं, गळ्यात हलव्याची माळ, आणि उशांना टेकवून खाटेवर बसतं केलं. आत्यांनी स्वतः सूप तिच्या डोक्यावर धरलं आणि ओतलं. बोरं प्लास्टरवर टणाटण आपटून उडाली, पोरांनी झडप घातली, आणि वैशू खदखदून हसली. दवाखान्यातून आल्यापासूनचं तिचं ते पहिलं हसणं. "आनी," म्हणाली. म्हणजे आणखी. आत्यांनी आणखी ओतलं. मी हळदीकुंकू लावत होते, बायका वाणाचं बोलत होत्या, कुणाच्या तरी सुनेची चेष्टा चालली होती. मी इतकी सुखात होते की बायका उठायला लागल्या तेव्हा एकीचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं.

त्या रात्री वैशू कुरकुरत झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं प्लास्टरवर मुठी आपटायला सुरुवात केली. मी टकटक वाजवलं, तिनं माझा हात ढकलला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला खाटेच्या पायावरून वर चढणारी तांबड्या मुंग्यांची ओळ दिसली. ओळ गादीवरून प्लास्टरच्या छातीकडच्या कडेपर्यंत गेली होती आणि आत उतरत होती.

मी खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, गादी झटकली. पण ज्या आत गेल्या होत्या त्या आतच होत्या. बॅटरी लावून कडेतून बघितलं. पोटाच्या खोलगटात एक रेवडी घामानं विरघळून चिकटली होती, उसाचा एक तुकडा होता, चुरमुरे होते, आणि सगळं काळंतांबडं हलत होतं. वैशू किंचाळत होती. माझ्या मागून आत्याही बघत होत्या. मी वळले तेव्हा त्या तिथं नव्हत्या.

मी पिशवी भरली. एकटीनं त्या पोरीला घेऊन एस.टी.त कसं चढायचं, हेच डोक्यात होतं, कारण प्लास्टरचं पोर ना कडेवर बसतं ना मांडीवर मावतं. ओट्यावर आले तर आत्या दारात उभ्या. जनावरं शेजारच्या दावणीला बांधून आल्या होत्या, डोक्यावरून पदर घेतला होता. त्यांनी माझ्या हातातून वैशूला काढून घेतलं, आडवी खांद्यावर टाकली, दोन्ही हातांनी पुढून धरली आणि चालू लागल्या. मेंढरांमागं चालताना थकलेलं कोकरू असंच नेत असणार. मी पिशवी घेऊन मागं पळत होते.

म्या केलं

पुण्याच्या डॉक्टरांचा बारामतीचा दिवस दोन दिवसांनी होता, पण बारामतीच्या डॉक्टरांनी फोन लावला आणि ते संध्याकाळी येऊन पोहोचले. त्यांनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे आत कसं गेलं? काय सांगितलं होतं मी तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत आत्या पुढं झाल्या. "तिला बोलू नगा. म्या केलं ते. लेकरू हसत नव्हतं म्हणून केलं."

डॉक्टरांनी सिस्टरला करवत आणायला सांगितली. मग म्हणाले, "बरं. आता आपण ते काढू."

करवतीनं प्लास्टरचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग केले. पुढचं झाकण निघालं. पोटावर, मांडीवर लाल फोड, काही फुटलेले. धुऊन, औषध लावून, वैशूला मागच्या अर्ध्या भागातच ठेवून फोटो काढला. तो फोटो येईपर्यंत आम्ही दोघी बाहेर उभ्या होतो. आत्यांनी माझा हात धरला होता की मी त्यांचा, ते आठवत नाही. गोळा वाटीतच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण जखमा सुकेपर्यंत नवं प्लास्टर घालता येणार नाही, तोवर तिनं पाय हलवले तर मात्र सांगता येत नाही.

पट्ट्या बांधल्या होत्या, तरी वैशू जागी असली की ओढायची. म्हणून आम्ही दोघी दवाखान्यातच राहून खाटेच्या दोन्ही बाजूंना बसून तिचे गुडघे हातांनी धरून ठेवायचो. एकीनं डावा, एकीनं उजवा. हात भरून आले की जागा बदलायची. एवढं जवळ बसल्यावर न बोलून किती दिवस चालणार?

आत्या मेंढरांचं सांगायला लागल्या. रानात दोन-दोन दिवस माणूस दिसायचं नाही, म्हणाल्या. थोरला मुलगा, म्हणजे माझे मालक, वाटेवरच एका बाभळीखाली झाला. त्याच संध्याकाळी मेंढरं पुढं निघाली, त्याही निघाल्या. तेव्हा त्यांना नुसतं कुणीतरी "दुखतंय का" एवढं विचारायला हवं होतं.

"मग मला का नाही विचारलंत?" मी म्हटलं. ते माझ्या तोंडून तुटक निघालं. "दिवाळीपासून मी घरात एकटी आहे, आत्या. तुम्ही घरात असून एकटी आहे."

त्यांचा हात वैशूच्या गुडघ्यावरच होता. "तोंड कुठलं दावू?" त्या म्हणाल्या. "सोनाराशी भांडले, चांदी जोखली. नातीचा पाय न्हाय बघितला. साऱ्या जल्मात लंगडं मेंढरू लांबनं वळाखलं म्या, आन् घरातलं न्हाय दिसलं."

मला वाटलं होतं की त्या मला दोष देतात. म्हणून मी त्यांच्यापासून तोंड फिरवलं होतं, आणि त्यांनी माझ्यापासून. मी रडले. त्याही रडल्या. दोघींचेही हात गुंतलेले, त्यामुळे डोळे कुणालाच पुसता येईनात. तेवढ्यात तात्या डबा घेऊन आले, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता त्यांनी भाकरीचे घास करून आधी विहीणबाईंच्या हातावर ठेवले, मग माझ्या. आत्यांनी पदर पुढं ओढला, पण घास खाल्ला.

पायरी

गोळा जागेवरच राहिला; जखमा सुकल्यावर घातलेलं दुसरं प्लास्टर गुढीपाडव्याच्या आधी निघालं. इथं मला त्या पिंपळीच्या बाईला आणखी एक सांगायचं होतं, ते राहिलं. प्लास्टर निघालं की सगळं झालं असं समजू नये. आतून जे पाय निघाले ते काडीसारखे, त्यांवरची कातडी खवल्यांसारखी सुटत होती. वैशूला प्लास्टरशिवाय भीती वाटायची. उचललं तरी किंचाळायची. चालणं तर ती विसरूनच गेली होती. लोक पुन्हा यायला लागले होते, आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, "चालती का?" मी म्हणायचे, चालेल. रात्री मालकांना विचारायचे, चालेल ना? ते म्हणायचे, डॉक्टर म्हणालेत ना. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

तेल लावणं, पाय दुमडणं, सोडणं, हे आत्यांनी स्वतःकडे घेतलं. रोज ऊन उतरलं की त्या वैशूला ओट्याच्या पायरीपाशी उभी धरायच्या. ती गुडघे सोडून द्यायची. आत्या पुन्हा उभी करायच्या. मी बघायला थांबत नसे. मला ते बघवत नव्हतं, आणि मग त्या छताकडे बघणाऱ्या बायकांचं मला थोडं थोडं कळायला लागलं. पुढं ती पायरी धरून उभी राहायला लागली. कडेकडेनं सरकायलाही लागली, पण हात सोडायची नाही. कित्येक आठवडे तिथंच अडलं.

उन्हाळा सरत आला होता. एका संध्याकाळी मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते. अंगणातून वाळ्यांचा आवाज आला. छुम्, छुम्, छुम्. दोन्ही पावलं अगदी सारखी. मला आधी बरं वाटलं, कुणीतरी पोराला घेऊन बसायला आलंय. मग हेवाही वाटला. दुसऱ्याचं लेकरू कसं सरळ चालतंय, असं मनात आलं. हात पिठाचे होते, म्हणून तिथूनच हाक दिली.

"कोण आलंय?"

बाहेर आवाज थांबला. उत्तर आत्यांनी दिलं.

"कुणी न्हाय गं सुमन. आपलीच हाय."